आय-सेव्हन नको, बाबा

बंगळुरू, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

बाबा, राम मारुती रोडवरच्या दुकानातून आणलेल्या लॅपटॉपच्या कोटेशनचा फोटो पाहिला. प्रोसेसरचं, म्हणजे मशीनच्या मेंदूचं, नाव ठळक अक्षरांत छापलंय आणि स्क्रीनबद्दल एक अक्षरही नाही. दुकानात विकला जातो प्रोसेसर, घरी रोज बघायचा असतो स्क्रीन. म्हणून मी उलट बाजूने सुरुवात करते.

आधी कामं बघू. सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये, बँक, आयकराचा फॉर्म, आईच्या भजनी मंडळाची वही टाइप करणं, आम्हाला व्हिडिओ कॉल, फोनमधले फोटो काढून ठेवणं आणि संध्याकाळी यूट्यूबवर एखादं नाटक. यातल्या एकाही कामाला आय-सेव्हनसारखा महागडा प्रोसेसर लागत नाही. तो घ्याल तर दहा-पंधरा हजार जास्त जातील आणि फरक दिसणार नाही. हयातीच्या दाखल्यासाठीही लॅपटॉप लागत नाही. जीवन प्रमाण आता अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून होतं. लॅपटॉपच्या बटणात बोटाचा ठसा घेणारा सेन्सर असतो, तो आधारला चालत नाही. 'पेन्शनला उपयोगी पडेल' असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

आता स्क्रीन. १५.६ इंची घ्या. १४ इंची दोन-तीनशे ग्रॅमने हलका असतो, पण तुम्ही तो घेऊन लोकलने फिरणार नाही, तो जेवणाच्या टेबलावरच राहणार. मोठ्या मशीनला बहुतेक वेळा उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी मिळते. मेंटेनन्सच्या पावत्या भरताना ती किती कामाला येते ते पहिल्याच महिन्यात कळेल. कोटेशनवर 'एचडी' लिहिलं असेल तर तो १३६६ बाय ७६८ चा जुना स्क्रीन, तो नको. 'फुल एचडी', म्हणजे १९२० बाय १०८०, असं लिहून घ्या. आईला अक्षरं मोठी लागतात, ती सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के करता येतात. फुल एचडीवर ती मोठी करूनही पान पुरेसं दिसतं. एचडीवर मोठी केली की निम्मं पान बाहेर जातं आणि 'ओके'चं बटणच सापडत नाही.

दुसरा शब्द आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दिसणारा पॅनल. स्वस्त मशीनमध्ये अजून टीएन नावाचा पॅनल येतो. समोर बसून तो बरा दिसतो, बाजूला बसलेल्याला मात्र रंग उलटेपालटे दिसतात. तुम्ही दोघं शेजारी बसून व्हिडिओ कॉल करता, म्हणजे एकाला नेहमीच आमचे चेहरे राखाडी दिसणार. दुकानात पांढरं पान उघडायला सांगा, उभे राहा, एक पाऊल बाजूला सरका. पान काळवंडलं तर तो टीएन. पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. तुमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, चार वाजल्यानंतर चकचकीत स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहराच दिसत राहील.

कीबोर्डवरही तिथेच बोटं फिरवून बघा. चंदेरी कळा आणि त्यांवर राखाडी अक्षरं असलेली मशीन दिसायला छान असतात. पण खालचा दिवा लागला की उजेडात अक्षरं गायब होतात. काळ्या कळा, पांढरी अक्षरं, बस्स.

रॅम, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची मशीनची जागा, १६ जीबी घ्या. विंडोज ११ स्वतःच काही न करता तीन-चार जीबी घेऊन बसतं. त्यात बँक, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि एक्सेल उघडलं की ८ जीबीवाला धापा टाकू लागतो. बजेटमुळे ८ वरच थांबावं लागलं तर एक प्रश्न विचारा: 'रॅमचा स्लॉट रिकामा आहे का?' अनेक पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. काहींत ८ सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट मोकळा असतो, ते चालेल.

साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. विंडोज त्याच डिस्कला साधारण ४७६ जीबी म्हणेल. त्यात फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. जपायचं आहे ते ईएमएमसी नावाच्या स्वस्त साठवणीपासून. अगदी स्वस्त मशीनमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते. ती एसएसडीपेक्षा बरीच हळू, आणि वर्षभरात विंडोजच्या अपडेटनीच भरून जाते.

प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा, नुसतं आय-थ्री की आय-फाइव्ह एवढंच नको. इंटेल कंपनीच्या कोअर आय३-१२१५यू यातला १२ म्हणजे बारावी पिढी. ही आय-थ्री सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला सहज मागे टाकते, आणि तुमच्या कामाला पुरून उरते. इंटेलने आता 'आय' गाळून नुसतं 'कोअर ३', 'कोअर ५' म्हणायला सुरुवात केलीय, त्याने गोंधळू नका. सेलेरॉन, किंवा एन४५०० सारखा नुसता एनने सुरू होणारा क्रमांक दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडा.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर गंमतच आहे. ७ ने सुरू होणाऱ्या चार आकडी क्रमांकांत पहिला आकडा कोणत्या वर्षीच्या मालिकेचा ते सांगतो, पण आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यात लपलेलं असतं. रायझन ५ ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना २०१९ मध्ये आलेली झेन २, आणि कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, चार. रायझन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ आणि कोअर सहा. एका आकड्याचा फरक, आणि दोन्हींच्या खोक्यावर स्टिकर तोच: 'रायझन ५'. शिवाय ७५२०यू मध्ये रॅम सोल्डर केलेलीच असते, म्हणून तो घ्यायचाच झाला तर १६ जीबीवालाच.

तुम्ही ५० हजार म्हणता. त्यातले ४३-४४ मशीनला ठेवा. उरलेल्यात माउस, अर्थिंगवाला स्पाइक गार्ड आणि फोटोंसाठी १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क. भाव सतत हलतात, म्हणून कमी पडलं तर आधी काय सोडायचं ते सांगते. आधी आय-फाइव्ह सोडा, मग धातूची बॉडी, मग बोटाचा सेन्सर, मग कळांखालचा दिवा. फुल एचडी आयपीएस आणि एसएसडी शेवटपर्यंत सोडू नका. 'डॉस' लिहिलेलं मशीन चार पैसे स्वस्त दिसेल, त्यात विंडोज नसतं. मग दुकानदार 'मी टाकून देतो' म्हणतो आणि जे टाकतो ते बहुतेक वेळा चोरीचं असतं. क्रोमबुकवर तुमचं पूर्ण एक्सेल चालत नाही. मॅक उत्तम असतो, पण या बजेटात नाही.

ऑफिसबद्दल नीट विचारा. 'ऑफिस होम' कायमस्वरूपी सोबत आहे की 'मायक्रोसॉफ्ट ३६५' एका वर्षापुरतं? दुसऱ्यात वर्षानंतर दरवर्षी पैसे भरावे लागतात, नाहीतर फाइल उघडते पण त्यात काही बदलता येत नाही. ऐन ऑडिटच्या तोंडावर हे कळण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्यांदा चालू करताना. विंडोज ११ होमला सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. घाई असली की दुकानातला मुलगा स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. तसं अजिबात होऊ देऊ नका. सोबत आलेलं ऑफिस त्या खात्याला चिकटतं. आणि त्याहून वाईट म्हणजे विंडोज बहुतेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात ठेवतं. उद्या काही दुरुस्तीनंतर मशीनने ती किल्ली मागितली आणि खातं दुकानाचं निघालं, तर फोटो, हिशेब, अभंग सगळं आत अडकलं. तुमचा ईमेल, पासवर्ड आणि ओटीपीसाठी फोन घेऊनच जा. पासवर्ड टेलिफोनच्या डायरीत लिहा. हो, कागदावर. घरातल्या डायरीला हॅकर हात घालत नाही.

सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. खोक्यावरचा आणि मशीनच्या तळाचा सिरीयल नंबर एकच हवा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते फोनवर बघा. चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली तर तो डेमोचा नग असू शकतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा. तिथे रॅम किती आहे, बहुतेक मशीनवर स्लॉट किती वापरलेत, आणि डिस्कखाली एसएसडी आहे का, सगळं दिसतं. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून स्क्रीनवर ठिपके आहेत का बघा. कॅमेरा काळा दिसला तर घाबरू नका, त्यावर बऱ्याचदा एक बारीक सरकती झडप असते, ती बंद असते. घरी आल्यावरही निम्मे फोन त्या झडपेवरूनच येणार आहेत, हे मी आत्ताच धरून चाललेय. बिल बाबांच्या नावाने, जीएसटीसह, आणि त्यावर सिरीयल नंबर.

आई, आता तुझं. मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नकोस. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडायची. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्यायचा. विंडोजची कळ आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत. यात इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी शब्द समोर येतो. सुरुवातीला सोपं, पण पुढे हात अडखळतो. पूर्ण वही उतरवायची असेल तर महिनाभर इनस्क्रिप्ट, म्हणजे कळांवरची देवनागरी मांडणी, शीक. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, पाय मोडायला डी. शिफ्ट-एनने ळ येतो. 'वारकऱ्यांचा' लिहिताना साधा र घेतलास तर 'वारकर्यांचा' होतं. त्याला शिफ्ट-जेचा ऱ लागतो, मग डी, मग य. कळांवर लावायचे मराठी स्टिकर मिळतात. बोलून लिहायचं असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्सच्या टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, तिथे मराठी निवड. ओव्या ठीक उतरतात, 'ज्ञानोबा'ला मात्र काहीही म्हणतं. मंडळाच्या जुन्या फाइल उघडल्यावर इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसली तर फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये आहे. डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागव.

मशीन टेबलावर किंवा पाटावर, गादीवर कधीच नाही. हवा घेण्याची भोकं आणि बहुतेक वेळा स्पीकरही तळाला असतात. गादीवर आवाज दबतो आणि पंखा कोकलायला लागतो. चार्जर तीन पिनेचाच लावा, दोन पिनेचं कनव्हर्टर नको. अर्थिंग नसलं की धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. मशीन दिवसभर प्लगमध्येच राहणार असेल तर कंपनीच्या सोबत आलेल्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते का बघा. सतत १०० वर राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवू नका, दमट हवेत रोज थोडं चालू राहिलेलं बरं.

वेगळा अँटिव्हायरस नको, विंडोजमधला पुरतो. स्क्रीनवर मोठा आवाज होऊन 'तुमचं मशीन बंद झालंय, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट बिघाडाच्या सूचनेत फोन नंबर देत नाही. कुणाच्याही सांगण्यावरून एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला दुरून आपलं मशीन चालवू देणारं ॲप, टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

माळ्यावरचा जुना लॅपटॉप पाचव्या पिढीचा आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर नाटकं बघा, बँक नको. भंगारात देण्याआधी आतली हार्ड डिस्क काढून घ्या, त्यात आपली पॅनची आणि पासबुकाची स्कॅन आहेत.

आता एकच काम करा. कोटेशनवर फक्त मॉडेलचं नाव आहे, आणि एकाच नावाखाली डझनभर वेगवेगळी मशीन विकली जातात. नावानंतरचा पूर्ण कोड दुकानदाराकडून लिहून घ्या आणि मला पाठवा. त्यावरून रॅम सोल्डर केलेली आहे का, पॅनल कोणता, ऑफिस कोणतं, सगळं कळतं. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.

तुमची,
मुक्ता