वेळासच्या कासवमित्र दादांना

दादा, नमस्कार.

निघताना तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. गळा दाटून आला होता, म्हणून आता लिहिते आहे.

आईची नजर गेल्यापासून तिला कुठे न्यायचं म्हटलं की मला धास्ती वाटते ती माणसांची. याआधी निसर्ग पर्यटनाची पाटी लावलेल्या एका ठिकाणी गेलो होतो. रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू. सकाळी फेरीला निघताना तिथला माणूस तिच्यादेखत मला म्हणाला, "आजींना काय दिसणार? त्यांना खोलीवरच राहू द्या." आई काही बोलली नाही. पण त्यानंतर कुठे जायचं नावच काढेना.

वेळासला तिला जवळजवळ ओढूनच आणलं. पहाटे किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली तेव्हा दोरीमागे सगळे माना उंचावून बघत होते आणि आई माझा हात धरून नुसती उभी. तुम्ही ते पाहिलंत. गर्दी पांगल्यावर जवळ येऊन म्हणालात, "मावशी, रात्री एक मादी येऊन गेलीये. चला, तिचा माग दाखवतो."

दाखवतो म्हणालात, दादा!

काठीने वाळू चाचपून घरटं शोधायचं तुमचं काम तसंच ठेवून तुम्ही आईला वाळूत बसवलंत. तिचा तळवा त्या मागावर ठेवून सांगितलंत, "ही वर आली ती वाट, आणि ही परत गेली ती." आई गुडघ्यांवर सरकत बोटांनी वाट चाचपत गेली. म्हणाली, "केवढी मोठी गं! अंडी घालून लगेच माघारी गेली बिचारी." किती दिवसांनी तिला असं बोलताना ऐकलं.

याच किनाऱ्यावर पूर्वी अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम हाती घेतलं, गाव सोबत उभं राहिलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. हॉटेलं न बांधता पाहुण्यांना आपल्याच घरात उतरवायचं, घरात शिजतं तेच वाढायचं, त्यामुळे पैसाही गावातच राहतो. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात म्हणून फ्लॅश मारणाऱ्याला तुम्ही दोनदा अडवलंत, तेही आवाज न चढवता. जे मुक्या जिवाला जपतात त्यांना माणूसही जपता येतो, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नसतील असा हा भलेपणा.

ज्या काकूंकडे उतरलो होतो त्यांनाही नमस्कार सांगा. रात्री अंगणातलं मोरीपर्यंतचं अंतर त्यांनी आईला पावलं मोजून सांगितलं होतं, त्यामुळे ती एकटी जाऊन आली. घरी आल्यापासून भेटेल त्याला ती कासवाचा माग किती रुंद होता ते हात पसरून दाखवते आहे.

पुढच्या हंगामात आम्ही येतोय. या वेळी तारीख आईनेच विचारायला सांगितली आहे.

तुमची,
मावशींची लेक