रुग्णवाहिका विका, पण तिचं पोट रिकामं करून नको

महोदय,

1979 ते 2013 अशी 34 वर्षं मी पाटण तालुक्यात सरकारी रुग्णवाहिका चालवली. जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी मागच्या महिन्यात मला मॅटाडोर व्हॅनची एक जुनी रुग्णवाहिका पारखायला बोलावलं. 1972 ची, एका ट्रस्टच्या दवाखान्यात चाललेली. विकणारेही संग्राहकच. पत्रा सरळ केलेला, पांढरा रंग, दोन्ही बाजूंना लाल क्रॉस, टपावर दिवा आणि सायरन. सेल मारताच गाडी सुरू झाली. मग मी मागचं दार उघडलं. आत सोफा आणि गालिचा! स्ट्रेचर, त्याच्या खालची रूळपट्टी, नातेवाइकांचं बाकडं, सलाईनचा हूक, ऑक्सिजनचं नळकांडं आवळायचा पट्टा, यातलं काहीही नाही. विकणारे म्हणाले, "ते गंजलं होतं, भंगारात किलोवर दिलं."

मला फार वाईट वाटलं. मीही मॅटाडोरच चालवायचो. मॅटाडोरचं इंजिन दोन सीटांच्या मध्ये, झाकणाखाली. उन्हाळ्यात डावा पाय भाजायचा. पण माझं सगळं लक्ष कानात असे. स्ट्रेचर रुळात किती खडखडलं यावरून खड्डा किती लागला ते कळायचं. मागचं कण्हणं थांबलं की पोटात गोळा यायचा. साताऱ्याला सिव्हिलला नेताना मल्हारपेठ सोडल्यावर, उंब्रज यायच्या आत, माझ्या गाडीत दोन बाळं जन्मली. नर्सबाई पत्र्यावर गुडघे टेकून होत्या आणि सासू बाकडं घट्ट धरून बसलेली. विकणाऱ्यांनी किलोवर घातलं ते तसलंच बाकडं.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आली 1969 साली. म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी आत्ताच पन्नाशी ओलांडली आहे आणि त्यांचे सौदेही आत्ताच होऊ लागलेत. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी विकताही येते. ती मूळ रूपात हवी अशी अट आहे, पण त्या अटीत नावं आहेत ती चासी, बॉडी आणि इंजिनाची. मोटारीला तेवढं पुरत असेल. मॅटाडोर मात्र मालही वाहायची आणि वऱ्हाडही. तिची रुग्णवाहिका होत होती ती मागच्या सामानामुळे, आणि त्या सामानाचा नियमात कुठे उल्लेख नाही.

घेणारे आधी विचारतात ते सायरन आणि लाल क्रॉसबद्दल. सायरन कामावरच्या रुग्णवाहिकेसाठी असतो, हौसेच्या गाडीनं तो रस्त्यावर वाजवायचा नाही. लाल क्रॉसच्या चिन्हावर तर 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानं बंधन आहे, केंद्राच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. जे लावायला नको त्याला भाव आणि जे जपायला हवं ते भंगारात, हे कुठेतरी थांबलं पाहिजे.

सरकारी रुग्णवाहिकांची तर आशाच नको. 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल 2023 पासून रद्द होते आणि त्या मोडीत जातात. मी चालवल्या तसल्या गाड्या आता पन्नाशी गाठणार नाहीत. उरतील त्या ट्रस्टच्या आणि कारखान्यांच्या मोजक्या, म्हणून त्यांचा सौदा जपून व्हावा.

व्हिंटेज गाडी तपासायला राज्यानं समिती नेमायची असते. रुग्णवाहिका समोर आली की त्या समितीनं मागचं दार उघडून आतल्या सामानाची यादी करावी आणि ती कागदपत्रांना जोडावी. विकणाऱ्यानं स्ट्रेचर आणि लॉगबुक गाडीसोबतच द्यावं. गंजलेलं असलं तरी चालेल, गंज काढता येतो. घेणाऱ्यांनीही टायर बघण्याआधी आत डोकवावं.

पुण्याच्या गृहस्थांनी तूर्त सौदा थांबवला आहे. भंगारवाल्याकडे रूळपट्टी अजून पडून आहे, पण स्ट्रेचर वितळवायला गेलं. कुणाच्या दवाखान्याच्या अडगळीत मॅटाडोरच्या मापाचं जुनं स्ट्रेचर असेल तर कृपया आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावं. मी स्वतः येऊन माप घेईन.

आपला,
एक निवृत्त रुग्णवाहिका चालक
पाटण, जि. सातारा