ओटीपी फोनवरून सांगू नका

महोदय,

मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वच करदात्यांना पासवर्डसोबत ओटीपीही सक्तीचा झाला. पण बाजारपेठेत मालक, दिवाणजी, करसल्लागाराकडची मुले असे सगळे अजूनही एकाच खात्यातून काम करतात. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो आणि मालक तो फोनवरून सांगून मोकळा होतो. मग या दुसऱ्या कुलपाचा उपयोग काय?

वास्तविक याच पोर्टलवर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी स्वतंत्र उप-खाते काढता येते. त्याला कामापुरतेच अधिकार द्यायचे आणि माणूस नोकरी सोडून गेला की खाते गोठवायचे. कित्येक दुकानदारांना ही सोयच ठाऊक नाही, याचे फार वाईट वाटते. कारण खोटे बिल निघाले तर नोटीस येते ती जीएसटी क्रमांक ज्याचा, त्याच्याच दारी.

करसल्लागारांची जबाबदारी तर याहून मोठी. अनेक अशिलांचे पॅन, बँक तपशील आणि पासवर्ड एकाच एक्सेल फाइलमध्ये, तेही सर्वांना उघडता येईल असे ठेवणे थांबलेच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. व्यापारी संघटनांनी मार्चअखेरची धावपळ सुरू होण्याआधी सभासदांना उप-खाती काढून द्यावीत.

– एक लेखापाल, इचलकरंजी