या वेळी तुम्ही येऊ नका

मिरज
रविवार, रात्री साडेदहा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मंगळवारी आला. 'बाबा, या वेळी तुम्ही येऊ नका. बंगळुरूचं रेकॉर्डिंग आम्ही तिघं मिळून करू. बोलायचंय, पण आधी जॅनेट जॅक्सनचा 'कंट्रोल' हा अल्बम ऐका.' मी उत्तर दिलं नाही. मग तू आईला दोनदा फोन केलास, तेही मला कळलं. मला राग आला होता हे खरं आहे. तू आठ वर्षांची असल्यापासून तुझा एक कार्यक्रम मी चुकवलेला नाही, आणि आता तूच येऊ नका म्हणतेस.

तीन दिवस ऐकलंच नाही. शुक्रवारी दुसरी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या बसमध्ये कानाला लावलं. घरी येऊन पुन्हा लावलं. काल आणि आज तिच्याबद्दल मिळेल ते वाचत बसलोय. फोनवर टाइप करून हे सगळं सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

आमच्या पिढीला जॅक्सन म्हटलं की मायकेलच. 1996 च्या नोव्हेंबरात तो अंधेरीला आला होता, तेव्हा आमच्या खात्यातली दोन पोरं उसने पैसे काढून मुंबईला गेली होती. त्याला धाकटी बहीण आहे, तीही गाते, एवढंच माहीत होतं. पण मी वाचत गेलो तसा त्या दोघांपेक्षा त्यांच्या बापापाशीच जास्त थांबलो.

अमेरिकेत इंडियाना राज्यात गॅरी नावाचं पोलादाचं गाव आहे. त्यांचा बाप जो जॅक्सन तिथे राहायचा, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. पदरी नऊ मुलं. स्वतः गिटार वाजवायचा, भावाबरोबर बँड काढला होता, पण तो काही चालला नाही. मग त्याने मुलांना उभं केलं. सई, मी पंचवीसहून जास्त वर्षं पाळ्या केल्यात. दिवसभर लोखंडाच्या आवाजात उभं राहून घरी आल्यावर पोरांच्या गळ्यातला सूर ऐकणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ते मला कुणी समजावून सांगायला नको. माझंही गाणं भजनी मंडळाच्या पुढे गेलं नाही. म्हणून त्या माणसाला सरळ वाईट ठरवून मोकळं होणं मला जमत नाही.

पण पुढचं वाचलं आणि गप्प झालो. जॅनेट सगळ्यांत धाकटी. सात वर्षांची असताना तिला भावंडांबरोबर लास व्हेगासच्या स्टेजवर उभं केलं. मग टीव्हीच्या मालिका. तिला कॉलेजात जाऊन शिकायचं होतं. बापाने ठरवलं, गायचं. 1982 मध्ये पहिला अल्बम, 1984 मध्ये दुसरा, दोन्हींतली गाणी दुसऱ्यांनी लिहून हातात ठेवलेली. दुसरा तर अमेरिकेच्या यादीत 147 व्या नंबरच्या वर चढला नाही. आणि एक गोष्ट तिने स्वतःच सांगितलीय. लहानपणी एकदा ती त्याला 'डॅड' म्हणाली. तो म्हणाला, तुझ्यासाठी मी जोसेफ. सगळी मुलं बापाला नावानेच हाक मारायची. हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

अठराव्या वर्षी तिने घरच्यांना न सांगता लग्न केलं. वर्षभरात तेही मोडलं. आपल्याकडे कितीतरी मुलींना घराबाहेर पडायला लग्न हा एकच दरवाजा असतो, तुझ्या आत्याचंही तेच झालं. तिकडेही तसंच असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग तिने बापाला मॅनेजरच्या कामावरून काढलं. एकोणीस वर्षांची मुलगी. ए अँड एम या तिच्या रेकॉर्ड कंपनीत जॉन मॅक्लेन नावाचा माणूस होता, त्याने तिला जिमी जॅम आणि टेरी लुईस या जोडीकडे पाठवलं. ते दोघे मिनियापोलिसचे, प्रिन्स या गायकाच्या हाताखालच्या बँडमधले. 1983 मध्ये अटलांटाला दुसऱ्यांचं काम करत असताना बर्फात अडकले, शो चुकला, आणि प्रिन्सने त्यांना काढून टाकलं. बापाचं म्हणणं, रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला व्हावं, म्हणजे आपल्या नजरेसमोर. त्या दोघांनी सांगितलं, नाही, आमच्या गावी, आमच्या स्टुडिओत, आणि तिच्याबरोबर लवाजमा नको. म्हणजे तुझा मेसेजच की. 'या वेळी तुम्ही येऊ नका.'

ती तिथे पोचली आणि पहिले काही दिवस कुणी गाण्याचं नावच काढेना. नुसते गाडीतून हिंडले, जेवले, गप्पा मारल्या. घरी काय झालं, लग्नात काय झालं, तिला काय हवंय, कशाचा राग येतो. तिने विचारलं, आपण काम कधी सुरू करणार? तेव्हा त्यांनी लिहिलेल्या ओळी तिच्यासमोर ठेवल्या. वाचून ती म्हणाली, हे तर आपण बोलत होतो तेच आहे. जे बोलेन त्यावर आपण लिहायचं का? ते म्हणाले, हो, तेच करायचं.

हे मी चार वेळा वाचलं. आपल्या घरात सूर कुठला, पट्टी कुठली, ताल कुठला, हे मी तुला हजारदा विचारलं. तानपुऱ्याचा जोड लागला का, खर्ज उतरला का, हे विचारलं. पण 'सई, तुला कशाबद्दल गायचंय?' हे एकदाही विचारलं नाही. गाणी मी निवडत आलो. प्रेक्षकांत ज्येष्ठ मंडळी असतील तर भावगीतं आणि अभंग, तरुण असतील तर लावणी, शेवटी भैरवी. तू अकरावीत असताना स्वतः लिहिलेल्या चार कविता मला दाखवल्या होत्यास. मी म्हटलं, आधी अभ्यास. ती वही तू परत कधी काढली नाहीस.

तिकडे मात्र मुलीच्या बोलण्यातून गाणं निघत होतं. मिनियापोलिसला हॉटेलबाहेर काही टवाळ पोरं तिच्या मागे लागली, घाणेरडं बोलायला लागली. आधी असं झालं की रक्षक धावून यायचे. त्या दिवशी ती कुणाकडे पळाली नाही. उलटी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांना मागे हटवलं. त्यातून 'नॅस्टी' झालं. मला नाव घेऊन नीट हाक मारा, असं ती त्या गाण्यात बजावते.

आता गाण्याबद्दल. तुला माहीत आहे, माझे कान तबल्याच्या ठेक्यावर पोसलेत, मशीनचा ताल मला निर्जीव वाटतो. पण 'नॅस्टी' सुरू झालं आणि मला आमचं खातं आठवलं. घण पडावा तसा ठोका, मध्ये लोखंड घासल्यासारखा आवाज, आणि त्या सगळ्यात तिचा तो बारीक आवाज. तुझ्या गुरूंच्या मापाने मोठा आवाज नाही तो. पल्ला कमी, ताना वगैरे काही नाहीत. पण शब्दावर कसा पाय रोवून उभा राहतो! पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला तर ती गातही नाही, साध्या बोलण्यात सांगते की ही गोष्ट ताब्याची आहे, माझं आयुष्य माझ्या ताब्यात घेण्याची. बसमध्ये शेजारी झोपलेला माणूस होता, नाहीतर मी तिथेच मोठ्याने 'वा' म्हटलं असतं.

आणि सगळं रागाचंच आहे असं नाही. 'लेट्स वेट अव्हाइल' मध्ये ती थांबू या म्हणते, घाई नको म्हणते, तेही तितक्याच ठामपणे. नऊ गाण्यांतलं हे मला सगळ्यांत जास्त आवडलं. स्वतंत्र झाली म्हणजे मुलगी ओरडायलाच लागेल असं मला वाटत होतं.

4 फेब्रुवारी 1986 ला अल्बम आला. जुलैत अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. ऑक्टोबरात 'व्हेन आय थिंक ऑफ यू' हे तिचं पहिलं पहिल्या नंबरचं गाणं ठरलं. जगभरात कोटीच्या घरात प्रती खपल्या. मालिकेतली गोंडस मुलगी, मायकेलची बहीण, असं तिला ओळखणाऱ्या लोकांना काळ्या कपड्यांत, खांदे ताठ करून नाचणारी बाई दिसायला लागली. तो नाच बसवणारी पॉला अब्दुल तेव्हा स्वतःही फारशी माहीत नसलेली पोरगी होती. पण हे आकडे मी तुला यशाच्या आशेने सांगत नाही. तुमचं रेकॉर्डिंग दोनशे लोकांनी ऐकलं तरी चालेल.

एक मात्र तुला सांगतो, कारण तू वीस वर्षांची आहेस आणि हे तुझ्या नजरेतून सुटू शकतं. जॅनेट एकटी उभी राहिली असं सगळीकडे लिहितात. मला तसं दिसत नाही. तिने बापाला दूर केलं आणि आपली माणसं स्वतः निवडली. बोलणं ऐकून घेणारी, आणि आपल्या कामात तयार असलेली. अल्बमवर निर्माती म्हणून तिचंही नाव आहे, तेही कुणी खिरापत म्हणून दिलेलं नाही. तुझ्या त्या दोघांना मी ओळखत नाही. ते तुझं ऐकून घेतात का, पैशाचं, हक्काचं आधी कागदावर लिहितात का, एवढं तू बघ. मी विचारणार नाही.

पुढच्या वेळी कंपनीला तसलाच दुसरा अल्बम हवा होता. तिने 1989 मध्ये समाजातल्या भेदावर आणि हिंसेवर गाणारा अल्बम दिला. 1993 च्या अल्बमवर तर नुसतं पहिलं नाव छापलं आणि पुढे टिंब दिलं. जॅक्सन नाहीच. त्या टिंबाकडे मी बराच वेळ बघत होतो. तुला आडनाव काढायचं असेल तर काढ. आजोबांना मी सांगेन.

आता कामाचं. उद्या कुरिअरने तीन गोष्टी पाठवतोय. आयोजकांच्या नंबरांची निळी डायरी, ती आता तुझी. कुणी मला फोन केला तर तुझा नंबर देईन, माझ्याकडून तारीख मिळणार नाही. दुसरं, पासबुक. खातं तुझ्या नावावर आहे, पण सही माझी चालायची. बँकेचा फॉर्म त्यातच ठेवलाय, तो भरून तिथल्या शाखेत दे. तानपुरा मात्र कुरिअरने पाठवणार नाही, भोपळा फुटेल. सतारमेकर गल्लीत देऊन जवारी काढून घेतली आहे, तू सुट्टीत आलीस की घेऊन जा.

तिसरी गोष्ट हिशोबाची वही. दहावीच्या वर्षी गणपतीत तू गायलीस, घसा बसला होता तरी मी तुला शेवटचं गाणं गायला लावलं. परत येताना गाडीत तू विचारलंस, 'बाबा, मला किती मिळाले?' मी म्हणालो, 'तुला काय करायचंय?' तू खिडकीकडे तोंड केलंस आणि जयसिंगपूर येईपर्यंत बोलली नाहीस. काल रात्री बसून पहिल्या कार्यक्रमापासूनच्या सगळ्या नोंदी लावल्या. एकूण 1,86,400 रुपये. क्लासची फी, तानपुरा, साउंडवाल्याचे पैसे वजा जाता 71,250 खात्यात आहेत. ओळीने सगळं लिहिलंय, बघून घे.

त्या दिवशीचे साडेतीन हजार होते.

तुझे
बाबा