रोज संध्याकाळी सात ते अकरा वायरलेस इंटरनेट संथ राहणे व तक्रारी परस्पर बंद केल्या जाणे याबाबत

दिनांक : २० सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वायरलेस ब्रॉडबँड विभाग

महोदय,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात आपलं इंटरनेट येऊन अडीच वर्षं झाली. सड्यावरच्या टॉवरकडे तोंड करून आमच्या कौलांच्या वर, जीआय पाइपाला आपली डिश बसवलेली आहे. प्लॅन ४० एमबीपीएसचा, करासह महिना ७०८ रुपये, आणि एकाही महिन्याचं बिल मी थकवलेलं नाही. जूनपासून मात्र संध्याकाळी सात वाजले की हे इंटरनेट कामाचं राहत नाही. रात्री अकरानंतर ते आपोआप सुधारतं. मी चार वेळा तक्रार नोंदवली. चारही तक्रारी बंद झाल्या आणि चारही वेळा मोबाइलवर एकच मजकूर आला : "ग्राहकाच्या ठिकाणी वेग योग्य आढळला." हा वेग प्रत्येक वेळी दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोजलेला आहे. दुपारी दोनला माझीही काही तक्रार नाही.

माझं काम संध्याकाळचं आहे. मी दुबईतल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे साडेसहा झालेले असतात, मुलं शाळेतून येऊन खाऊन-पिऊन बसलेली असतात, म्हणून वर्गाची वेळ तीच. गेले काही आठवडे आम्ही 'ळ' घेतला आहे. काल आणि काळ, वेल आणि वेळ, बाल आणि बाळ. तिकडे वाढणाऱ्या मुलांची जीभ हे अक्षर म्हणताना अडते. तोंडाकडे बघून, कान देऊन, पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावं लागतं. मागच्या मंगळवारी एक सात वर्षांची मुलगी मन लावून "वेळ" म्हणत होती आणि माझ्यापर्यंत नुसतं "वे" पोहोचत होतं. ती बरोबर म्हणाली की चूक, हे मला सांगता येईना. तिने पाच वेळा म्हटलं आणि सहाव्यांदा गप्प झाली. त्या लेकराचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्या आठवड्यात दोन पालकांनी मुलांना वर्गातून काढलं. त्यांनाही मी दोष देत नाही.

"राउटर बंद करून चालू करा" हे मला आजवर किती वेळा सांगितलं गेलं, त्याची मोजदाद नाही. ते केलं, आणि त्यापुढचंही सगळं केलं. माझा भाचा पुण्यात नेटवर्कचं काम करतो. त्याने फोनवरून सांगितलं तसं एकेक तपासत गेले.

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. पडवीतल्या राउटरचं वायफाय माजघरात येईपर्यंत अर्धं होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मोजमाप करताना वायफाय बंद ठेवून लॅपटॉपला थेट केबल लावते. जूनच्या शेवटी आपला तंत्रज्ञ आला होता. त्या मुलाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. भर पावसात तो कौलांवर चढला. डिशकडून येणाऱ्या केबलचा जॅक त्याने काढून दाखवला, तर आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता, दोन पट्ट्या जवळजवळ खाल्लेल्या. त्यामुळे १०० ऐवजी १० एमबीपीएसवरच जोडणी होत होती. त्याने नवा जॅक केबलवर दाबून बसवला. डिशचा सिग्नल तेव्हा उणे ७९ डीबीएम होता (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), कारण टॉवरच्या वाटेत शेजारच्या आबांच्या फणसाची फांदी आली होती आणि पावसात भिजलेली पानं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषून घेतात. आबांना विचारून ती फांदी उतरवली, डिश दोन बोटं फिरवली आणि सिग्नल उणे ६३ वर आला. सकाळच्या वेळी फरक लगेच जाणवला, ३६-३८ एमबीपीएस मिळू लागले. संध्याकाळचं दुखणं मात्र जागच्या जागीच राहिलं.

सिग्नल पहाटे पाचला उणे ६३ असतो आणि रात्री साडेआठलाही उणे ६३ असतो, एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक सोडला तर. म्हणजे झाड, डिश, केबल यांतलं काहीही संध्याकाळी बिघडत नाही. मग मी टप्प्याटप्प्याने पिंग घेतलं, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजलं. लॅपटॉप ते राउटर १ मिलिसेकंदाच्या आत. राउटर ते सड्यावरचा टॉवर ६ ते ९, सकाळी तेवढंच आणि रात्रीही तेवढंच. त्याच्या पुढचा टप्पा चिपळूणचा. तो पहाटे १२ असतो आणि रात्री साडेआठला २८० ते ४००, मध्येच ७०० च्याही वर जातो. पाठवलेल्या शंभर पॅकेटांपैकी, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांपैकी, नऊ ते चौदा परतच येत नाहीत. एखादा राउटर पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतो, असं भाच्याने बजावलं होतं. म्हणून चिपळूणच्या पुढचे टप्पेही पाहिले. ही वाढ शेवटपर्यंत तशीच राहते, म्हणजे उशीर खराच आहे. डाउनलोडचा वेग त्या वेळी दीड ते अडीच एमबीपीएस असतो. २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. आपली सेवा कित्येक रात्री त्याही रेषेखाली जाते.

सड्याच्या पलीकडच्या वाडीत माझी मैत्रीण राहते. तिची डिश त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूच्या अँटेनाला जोडलेली आहे. आम्ही दोघींनी सलग सहा रात्री एकाच वेळी मोजलं आणि दोघींकडे एकाच वेळी खोळंबा. दोन वेगळ्या अँटेना एकदम बिघडत नाहीत. टॉवरपासून चिपळूणपर्यंतचा जो दुवा सगळ्यांना मिळून वापरावा लागतो, तो संध्याकाळच्या गर्दीला पुरत नाही, असाच याचा अर्थ आहे. या वर्षभरात पंचक्रोशीत आपल्या डिश किती वाढल्या ते रस्त्यावरून जाताना दिसतं. गणपतीत मी एकदाही तक्रार केली नाही. मुंबईहून चाकरमानी आले, घरोघरी दहा-दहा फोन वाढले, ते मी समजू शकते. पण माझ्या चारपैकी तीन तक्रारी गणपतीच्या आधीच्या आहेत, आणि चाकरमानी परत जाऊनही आता दोन आठवडे उलटले.

माझी मागणी अशी आहे. ही तक्रार पाचवी म्हणून नव्याने न नोंदवता आधीच्या चारही तक्रारी पुन्हा उघडाव्यात. तपासणी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेतच व्हावी, हवं तर माझ्या पडवीत बसून. टॉवर ते चिपळूण या दुव्यावरच्या वाहतुकीचा महिनाभराचा आलेख आपल्याकडे असणारच. तो पाहून क्षमता कधी वाढवणार त्याची तारीख मला लेखी कळवावी, आणि ती वाढेपर्यंत या टॉवरवर नवीन जोडण्या देऊ नयेत. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचं निम्मं बिल, म्हणजे १,०६२ रुपये, पुढच्या बिलातून वळते करावेत. दिवसाची सेवा मी वापरली आहे, म्हणून पूर्ण रक्कम मागत नाही.

माझी तक्रार आता पुन्हा "वेग योग्य आढळला" म्हणून बंद झाली, तर दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या ग्राहक तक्रार निवारणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार मी आपल्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाईन, तिथे ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेची तक्रार तिथे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केलेलं आहे. तिथवर जायची मला हौस नाही. इथे दरीत मोबाइलचं नेटवर्क धड येत नाही, दुसरी कंपनी नाही, आणि आपली सेवा सुरळीत होती त्या दोन वर्षांत मी ती स्वतःहून चार घरांना घ्यायला सांगितली होती. ती चारही घरं आता मला विचारतात.

दोघींच्या सहा रात्रींच्या नोंदी, पिंग आणि ट्रेसरूटचे (वाटेतल्या टप्प्यांच्या यादीचे) स्क्रीनशॉट, गंजलेल्या जॅकचा फोटो आणि आपले चारही मेसेज सोबत जोडले आहेत. सोमवार ते शुक्रवार आठ ते नऊ माझा वर्ग असतो. त्या वेळात कृपया फोन करू नये, मात्र त्याच वेळात माझी लाइन जरूर तपासावी.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक व तक्रार क्रमांक सोबतच्या नोंदींवर आहेत)