लायब्ररीचा सर्व्हर जसाच्या तसा नव्या मशीनवर नेऊन देणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याला

प्रिय,

नाव लिहू नका म्हणालास म्हणून नुसतंच प्रिय. फोनवर थँक्यू म्हटलं की तू "अहो मॅडम, काय त्यात" म्हणतोस आणि लगेच आमच्याकडच्या पावसाची चौकशी सुरू करतोस, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय, बदल बघू विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं तालुक्याच्या गावातलं कॉलेज, लायब्ररी कोहावर चालते. कोहा म्हणजे न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टने वायटूकेच्या (२००० साल लागताच जुनी सॉफ्टवेअर तारखेत गडबडतील या) धास्तीने बनवून घेतलेलं आणि २००० च्या जानेवारीत चालू झालेलं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांनी घेतलं. पण फुकट आहे म्हणजे कंपनीचा माणूस नाही, आणि कंपनीचा माणूस नाही म्हणजे रात्री सर्व्हर करकरायला लागला तर फोन कोणाला करायचा? आमचा सर्व्हर म्हणजे तरी काय, स्टॅक रूमच्या कोपऱ्यातला एक असेंबल्ड डेस्कटॉप, त्यात ५०० जीबीची साधी हार्डडिस्क आणि विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम उबुंटू १८.०४, जिचा फुकटचा सपोर्ट २०२३ च्या मे महिन्यातच संपला. पुस्तकं, मेंबर, कोणी काय नेलं, कोणी परत केलं नाही, सगळं त्या एका डिस्कवर, आणि वर कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची कमिटी यायची होती.

नवीन मशीन मंजूर झालं, आलंही. पण त्यावर सगळं न्यायचं कसं यावर जिल्ह्याच्या गावातून एकजण बोलावला, तो म्हणाला नवीन इन्स्टॉल करू आणि डेटा एक्सेलमध्ये काढून परत भरू. त्याने नमुना म्हणून थोडी पुस्तकं भरून दाखवली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीने ????????, आणि तो म्हणतो नंतर हाताने दुरुस्त करता येतील. अरे हाताने? आमच्याकडे निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी! शिवाय देवघेवीची जुनी नोंद एक्सेलमध्ये येणारच नव्हती ते वेगळंच. प्राचार्य सर म्हणाले बघा काय ते तुमच्या पातळीवर, हे वाक्य सरकारी अनुदानित संस्थेत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

मग तुला मेसेज केला. तू मला एक कमांड पाठवलीस आणि त्याचा फोटो मागितलास. डिस्कची तब्येत सांगणारा तो तक्ता, त्यात करंट पेंडिंग सेक्टर म्हणून एक ओळ असते, म्हणजे डिस्कला जे तुकडे धड वाचता येत नाहीयेत त्यांची संख्या. ती शून्य असायला हवी, आमची नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी परत बघायला लावलंस तर वाढलेली. तुझा लगेच फोन आला, "मॅडम, व्यवस्थित शटडाऊन करा आणि मी येईपर्यंत परत चालू करू नका." मी विचारलं, मग देवघेव? म्हणालास, वहीत लिहा. वहीत लिहिलं. शिपाई मामा तर खूश, म्हणाले जुने दिवस आले.

शनिवारी तू पुण्याहून एसटीने आलास. आल्या आल्या मशीनला हात न लावता आधी स्टिकर मागितलेस. जुन्या डिस्कवरचा सिरियल नंबर मला मोठ्याने वाचायला लावलास, कागदावर लिहिलास, आणि डिस्कवर लाल मार्करने "जुनी, फक्त वाचायची" असं लिहून चिकटवलंस. मला तेव्हा जरा अतीच वाटलं. पण मग पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर स्क्रीनवर नुसतं एसडीए, एसडीबी अशी नावं आली, आणि तू म्हणालास की ही नावं दर बूटला अदलाबदल होऊ शकतात, कॉपी करताना कुठून आणि कुठे हे उलट पडलं तर रिकाम्या डिस्कची कॉपी भरलेल्या डिस्कवर बसते आणि मग रडायचं सुद्धा राहत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नावाशेजारी मॉडेल आणि सिरियल नंबर बघायचा, कागदाशी जुळवायचा, मगच एंटर.

आणि एंटर मला मारायला लावलंस! "तुम्ही टाइप करा, मी बाजूला बसतो." हे खरं मोठं काम केलंस बघ. तुझ्या हाताने कितीतरी लवकर उरकलं असतं, माझ्या हाताने किती वेळ लागला ते राहू दे, पण आता काय कुठे आहे ते मला माहीत आहे. आजवर जे जे दुरुस्तीला आले त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली, तू कीबोर्ड माझ्याकडे सरकवलास.

मला वाटलं होतं डिस्कची कॉपी करणारं ते क्लोनझिला की काय ते लावून झालं. तू म्हणालास की चांगल्या डिस्कला ते उत्तम, आजारी डिस्कवर ते मध्येच अडतं. म्हणून डीडीरेस्क्यू. त्याचं काम बघत बसले होते मी, फार शहाणा प्रोग्राम आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं भराभर उचलतो, अडलं की तिथे डोकं आपटत न बसता पुढे जातो, आणि वाईट जागांकडे शेवटी परत येतो, कारण मरायला टेकलेली डिस्क वाईट जागा खरवडतानाच जीव सोडते, मग निदान बाकीचं तरी हातात असावं. कुठवर आलो, काय राहिलं हे तो एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो. हे किती कामाचं ते दुपारी कळलं, लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आमच्या इमारतीएवढीच जुनी, मशीन बंद. मी कपाळाला हात लावला, तू चहा संपवलास. लाईट आल्यावर तीच कमांड परत दिली आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं.

ही कॉपीसुद्धा थेट नव्या मशीनवर नाही केलीस, आधी एका बाहेरच्या डिस्कवर. म्हणालास जुनीला एकदाच त्रास द्यायचा, पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर. शेवटी काही केबी तेवढे वाचलेच नाहीत. मला धडधड, की नेमकी त्यात मेंबरांची यादी असली तर. तू ते तुकडे कोणत्या फाइलमधले ते शोधून काढायला लावलंस (असंही शोधता येतं हे मला माहीतच नव्हतं) आणि निघालं काय, तर कोहाची एक जुनी लॉग फाइल, जी कोणी जन्मात उघडली नसती.

नंतरची गंमत म्हणजे नवीन मशीनमध्ये लेगसी बूट, म्हणजे चालू व्हायची जुनी पद्धत, हा पर्यायच नाही, फक्त यूईएफआय ही नवी पद्धत, आणि आमची जुनी डिस्क जुन्या पद्धतीची. म्हणजे डिस्कची डिस्क उचलून ठेवली तरी ते मशीन तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. म्हणून नव्या एसएसडीवर नवीन पार्टिशन, आधी बूटसाठी ५१२ एमबीचा छोटा तुकडा, मग बाकीची जागा, आणि त्यात आरसिंक या फाइल्स कॉपी करणाऱ्या कमांडने सगळ्या फाइल्स. तेव्हा न्यूमेरिक आयडीजचा पर्याय लावायला विसरायचा नाही असं तू दोनदा बजावलंस, कारण फाइलचा मालक डिस्कवर नावाने नाही, नंबराने लिहिलेला असतो, आणि तो नंबर जसाच्या तसा जायला हवा, नाहीतर डेटाबेसच्या फाइल्स डेटाबेसलाच उघडता येत नाहीत. मग त्या नव्या डिस्कमध्ये चेरूट या कमांडने आत शिरून ग्रब (मशीन चालू झालं की उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम) टाकला, एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कोणता भाग कुठे जोडायचा त्या यादीत, नवीन यूयूआयडी, म्हणजे त्या भागांचे ओळख नंबर, लिहिले. त्यातला स्वॅपचा (रॅम कमी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा) यूयूआयडी तू मुद्दाम जुनाच ठेवायला लावलास, का तर "बघा काय होतं". झालं असं की बूट होताना "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणत मशीन दीड मिनिट नुसतं उभं, नाहीशा झालेल्या स्वॅपची वाट बघत. मग दुरुस्त करायला लावलंस. आता तसं कधी दिसलं तर मी घाबरणार नाही, एफएसटॅब उघडेन.

पण पहिल्यांदा बूट करायच्या आधी तू नेटची वायर काढलीस. मला वाटलं असेल काहीतरी. तर कारण असं की हा क्लोन म्हणजे हुबेहूब आपलाच सर्व्हर, त्याला वाटणार आपण रोजच्यासारखेच कामावर आलोय, आणि तो रात्रीची ठरलेली कामं सुरू करणार, त्यात "पुस्तक परत करा" च्या ईमेल पण आल्या. वहीतली देवघेव त्याला कुठे माहीत? ज्या पोरांनी आठवड्यात पुस्तकं परत केली त्यांनाच दंडाच्या नोटिसा गेल्या असत्या आणि सोमवारी काउंटरवर मोर्चा. हे सुचायला माणूस नुसता हुशार असून चालत नाही, लायब्ररीत पुस्तक उशिरा परत केलेला असावा लागतो.

लॅनचं तर विचारूच नका. पेनड्राइव्हवरून नेट चालतंय आणि डिस्कवरून बूट केलं की गायब. कार्ड यादीत दिसतंय पण चालत नाही. नव्या मशीनचं ते अडीच गिगाबिटचं कार्ड, आणि आमचा कर्नल, म्हणजे उबुंटूचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, ४.१५, कार्ड निघालं त्याच्या आधीचा, त्याची ओळखच नाही. पेनड्राइव्हवर नवीन उबुंटू म्हणून तिथे चालत होतं. नवा कर्नल टाकला तर चालेल असं तूच म्हणालास, आणि तूच टाकू दिला नाहीस. कॉम्प्युटर लॅबच्या ड्रॉवरमधून एक साधं जुनं गिगाबिट कार्ड आणवून बसवलंस, नेटवर्कची सेटिंग ठेवणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलमध्ये कार्डाचं नवीन नाव घातलं (आणि तिथे टॅब मारायचा नाही, स्पेसच द्यायच्या, हे कोणी का ठरवलं असेल देव जाणे). मी वैतागून म्हटलं, अरे कर्नलच का नाही टाकत, तर तुझं उत्तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "आज फक्त घर बदलायचं, सवयी नंतर बदलू. दोन्ही एकदम केलं तर बिघडलं कशामुळे तेच कळणार नाही." उबुंटू जुनं, कोहा जुनं, सगळं तुझ्या डोळ्यांना खुपत होतं हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी एकाही गोष्टीला सुधारायला हात लावला नाहीस. तुझ्या वयाच्या मुलांत हा संयम मला फार कमी दिसतो, आणि माझ्या वयाच्या माणसांत तर नाहीच.

मग जुनं मशीन बंदच आहे ना हे परत एकदा बघून, तोच आयपी घेऊन नवीन मशीन नेटवर्कवर आणलं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला काहीच कळलं नाही. मी सर्चमध्ये "दुष्काळ" टाकलं आणि यादी आली, शुद्ध मराठीत, जोडाक्षरं सकट, एकही प्रश्नचिन्ह नाही. येणारच होती म्हणा, कारण फाइल्स जशाच्या तशा उचलल्या, अक्षरांचं भाषांतर करायला मध्ये कोणी बसलंच नव्हतं, आणि देवनागरी शोधासाठी पूर्वी कोणीतरी खटपट करून लावलेलं झेब्राचं (कोहात शोध घेणाऱ्या प्रोग्रामचं) आयसीयू सेटिंग पण आपोआप सोबत आलं. तरी मी परत परत शोधत बसले. तुला वाटलं मी तपासतेय. मी नुसती बघत होते.

नॅकची कमिटी येऊन गेली. लायब्ररीत त्यांनी एक बारकोड स्कॅन करून बघितला, चहा घेतला आणि पुढच्या डिपार्टमेंटला गेले. त्या स्कॅनमागे काय झालंय ते त्यांना सांगावंसं फार वाटलं, पण प्राचार्य सरांनी डोळे मोठे केले. जुनी डिस्क तुझ्या स्टिकरसकट माझ्या कपाटात आहे, बाहेरची कॉपी दुसऱ्या इमारतीत, ऑफिसच्या तिजोरीत, आणि रोजचा कोहा डंप (कोहाच्या डेटाची कॉपी) पेनड्राइव्हवर काढून शुक्रवारी मी घरी नेते, तू सांगितलंस तसंच.

पैसे तू घेतले नाहीस, एसटीचं तिकीट सुद्धा नाही. माझ्या आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तेवढा नेलास, तो डबा परत हवाय, स्टीलचा आहे.

आणि हो, क्लोन किती हुबेहूब झालाय म्हणशील तर, परवा जुने मेंबर काढून टाकत होते तर एक खातं डिलीट करायच्या यादीत येईचना, कारण त्यावर बाकी आहे. उघडून बघितलं तर तुझं. चौदा रुपये दंड. नो ड्यूजवर सही कशी मिळवलीस ते तूच जाणे. मी माफ करू शकते, तेवढा अधिकार आहे मला, पण करणार नाहीये. मे महिन्यात सुट्टी लागली की उबुंटू आणि कोहा अपग्रेडला यायचं कबूल केलंयस, तेव्हा काउंटरवर भर आणि पावती घे.

तुझी,
लायब्ररीतली मॅडम