मोटर लावली की लाइट जाते त्याबद्दल

प्रिय मित्रा,

काल फोनवर म्हणालास ना, मोटर लावली की घरातली लाइट जाते आणि वायरमन म्हणतो आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइट तोडून माणसाला वाचवणारा स्विच) काढून डायरेक्ट करू, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. डायरेक्ट करू नकोस रे. काका अजून अनवाणीच विहिरीवर जातात ना?

आमच्याकडे चिपळूणला गेल्या जुलैत सेम झालं. आधी बघ नक्की काय पडतंय. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडत असेल तर लोड नाहीतर शॉर्ट, मोटर जाम असेल. आमचा एमसीबी जागेवर, पडायचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला करंट पूर्ण परत येत नाही, कुठेतरी जमिनीत उतरतोय. 30 मिलिअँपिअर गळती झाली की तो पडणारच, त्यासाठीच लावलाय.

आणि मोटरचं बटण बंद असताना पण पडायचा! आईने मिक्सर लावला की खटकन. दोन दिवस मिक्सरवरच संशय, शेजारचा आणून लावला तरी तेच. मग कळलं की बटण फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतं, न्यूट्रल (परतीची वायर) विहिरीपर्यंत जोडलेलाच राहतो, आणि तो ओल्या मातीला टेकला असेल तर घरात काहीही लावा, परतीचा थोडा करंट तिकडून पळतो. मोटरची पिनच उपसून ठेवली, मिक्सर लावला, काही नाही.

मग मेन पाडून मोटरच्या डब्यातल्या वायरी सोडवल्या, टोकं सुटी ठेवून टेप मारली, पिन परत लावली तरी पडला. म्हणजे दोष वायरीतच. मोटरला वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितला, ठणठणीत, नाहीतर रिवाइंडिंगला टाकलीच असती. वायर बघत गेलो तर पपईच्या बुडाशी जुना जॉइंट, नुसती काळी टेप, पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथेच साचतं, आत तांबं हिरवं पडलेलं.

अख्खी नवी तीन कोरची वायर पाइपातून टाकली, मधे एकही जॉइंट नाही, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच बसवला. अर्थिंगची हिरवी वायर मोटरच्या बॉडीला जोडलेलीच नव्हती, गुंडाळून ठेवलेली, ते बघून मला घाम फुटला, बाबा रोज तिथे उभे राहून मोटरीत पाणी भरायचे.

तू आज फक्त पिन उपसून बघ, तरी पडतो का ते कळव. वायरी उघडू नकोस, शनिवारी मी आमच्या वायरमनला घेऊन येतो. तोवर पाणी शेजारून घ्या, पण काकांना मोटरला हात लावू देऊ नकोस.

तुझाच